चुलीवरची कोंबडी आणि झाकणावरचे पाणी

आपल्या समाजाचा इतिहास सांगावयाचा झाला की आपण नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून सुरुवात करतो. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचा वंश कुलाब्याच्या गावागावांत पसरला, त्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ही परंपरा आपण मुलांना सांगतो आणि सांगितलीच पाहिजे. परंतु या इतिहासात पुरुष घाण्यावर दिसतात, पलटणीत दिसतात, मुंबईच्या कचेऱ्यांत दिसतात. चुलीपुढे बसलेली बाई मात्र क्वचितच दिसते. तिने काय शिजविले, कशावर शिजविले आणि कसे शिजविले, याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही.

आज इस्राएलातील आपल्या घरांत एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. बाजारातून कोंबडीच्या छातीचे बिनहाडाचे मांस, ज्याला येथे ‘खाझे’ म्हणतात, ते आणावे, गॅसवर शिजवावे, आणि ते कोरडे, चोथ्यासारखे व्हावे. मग मुलांनी ताट बाजूला सारून म्हणावे की आजीच्या हातची कोंबडी अशी नसे. मुलांचे म्हणणे खरे आहे. आजीची कोंबडी कोरडी होत नसे. पण ती का होत नसे याचे उत्तर केवळ तिच्या हाताच्या चवीत शोधून चालणार नाही. कोंबडी बदलली, भांडे बदलले, आच बदलली आणि देशही बदलला. या बदलांचा मागोवा घेतला की आपल्या घरांचा इतिहास आपोआप उलगडत जातो. तोच या लेखाचा विषय आहे.

स्वयंपाकघराची साक्ष

कोकणातल्या आपल्या पूर्वजांनी मागे ग्रंथ ठेवले नाहीत. हिब्रू भाषा ते विसरले होते, सेफेर तोरा त्यांच्यापाशी नव्हता. त्यांच्याजवळ उरले होते ते ‘शेमा’, सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे निर्बंध. दावीद रहाबी कोकणात आले तेव्हा त्यांनी आपल्या लोकांची परीक्षा कशी घेतली, ही कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि ते रांधावयास सांगितले. बायकांनी पंख व खवले असलेले मासे तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूला काढले. हे लोक इस्राएलाचेच वंशज आहेत, अशी रहाबींची तेव्हा खात्री पटली. रहाबींचा काळ कोणता याबद्दल मतभेद आहेत. परंपरा त्यांना फार मागे नेते, तर पुष्कळ अभ्यासक त्यांना अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्यातले मानतात. काळ कोणताही असो, या कथेतील एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. परीक्षा पुरुषांच्या पाठांतराची झाली नाही, ती बायकांच्या स्वयंपाकाची झाली. समाजाची ओळख पटली ती चुलीपाशी.

रहाबींनी झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या तीन घराण्यांतील माणसे तयार केली आणि त्यांना काजी नेमले, असे आपण मानतो. पुढे कोचीनच्या शिक्षकांकडून आपण पुष्कळ शिकलो. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिली मशीद, म्हणजे आपले सिनेगॉग, बांधली. मशिदीबरोबर हजान आला आणि पुष्कळ ठिकाणी हजान हाच शोहेतही असे. कोंबडी खाटकाकडून कापून आणण्याची वस्तू नव्हती. ती जिवंत विकत घ्यावयाची, पाय बांधून हजानाकडे न्यावयाची आणि त्याने विधिपूर्वक कापल्यावर घरी आणावयाची. जेथे कापणारा जाणता माणूस नसे तेथे मांसही नसे. म्हणून आपल्या घरांत कोंबडी हा रोजचा पदार्थ कधीच नव्हता. शब्बाथ, सण, लग्नकार्य, पाहुणा किंवा बाळंतीण, यांच्यासाठी ती शिजत असे. गोमांस आपल्या पुष्कळ घरांत शेजारधर्म म्हणून वर्ज्यच होते, त्यामुळे मासळीनंतर मान होता तो बकऱ्याचा आणि कोंबडीचा.

मीठ आणि नारळ

आता कापून आणलेल्या कोंबडीचे पुढे काय होई ते पाहू. रक्त खाऊ नये ही तोरातील आज्ञा आहे. तिच्यासाठी मांस अर्धा तास पाण्यात भिजवावे, मग त्याला सर्व बाजूंनी जाडे मीठ लावून सुमारे तासभर निथळत ठेवावे आणि शेवटी तीनदा स्वच्छ धुवावे, अशी रीत आहे. आपल्या बायकांना जाड्या मिठाची वाण नव्हती. पेण-उरणकडची मिठागरे जवळच होती. हे सर्व त्या धर्म म्हणून करीत. पण या रीतीचा एक परिणाम स्वयंपाकातही होत असे. मीठ मांसाच्या बाहेरच्या थरात थोडे आत मुरते आणि तेथील काही प्रथिने सैल करते. सैल झालेली प्रथिने शिजताना कमी आकसतात आणि आपले पाणी धरून ठेवतात. आज मोठमोठ्या हॉटेलांतील आचारी कोंबडीला आधी मीठ लावून ठेवतात ते याच कारणासाठी. आपल्या घरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या आज्ञेपोटी होत आले होते.

दुसरा निर्बंध दुधाचा. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, असे तोरात तीन ठिकाणी सांगितले आहे. पक्ष्याच्या मांसाला हा नियम रब्बींनी पुढे लावला. गालीलातील रब्बी योसे यांच्या गावी लोक पक्ष्याचे मांस दुधासह खात, असा उल्लेख तालमुदात आहे, यावरून एके काळी याबाबत मतभेद होता हे दिसते. पुढे मात्र सर्वत्र मनाई झाली आणि आपणही ती पाळली. याचा अर्थ असा की उत्तरेकडील लोक कोंबडी मऊ होण्यासाठी जे दही लावतात ते आपल्याला चालत नाही. तूप चालत नाही, लोणी चालत नाही, साय चालत नाही.

मात्र कोकणात या निर्बंधाने कोणाची अडचण झाली नाही. अंगणात माड होता आणि घरात तेल होते. ज्यांचा धंदाच तेलाचा, त्यांना मांसाच्या फोडणीला तुपाची आठवण कशाला येईल? नारळाचे दाट दूध रश्शाला दाटपणा देई आणि तिखटाची धार कमी करी. आंबटपणासाठी कोकम, चिंच किंवा लिंबू होते. वाटलेले आले-लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांचा हिरवा मसाला होता. नारळाच्या दुधातील कोंबडी हा आपला खास पदार्थ झाला त्यामागे कोकणची जमीन आणि तोराची आज्ञा या दोहोंचा हात आहे. दोन्ही एकमेकींच्या आड आल्या नाहीत. म्हणूनच हा पदार्थ टिकला.

चूल आणि वैल

कोकणातील चूल ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवत असेल की तिला जोडूनच एक वैल असे. चुलीच्या तोंडाशी लाकडे जळत आणि वैलावर केवळ आतून येणारी धग लागे. भाकरी, फोडणी, उकळी ही कामे चुलीवर होत. एकदा उकळी आली की भांडे वैलावर सरकवावयाचे. एकाच जाळावर दोन प्रकारची आच मिळे, आणि कोणता पदार्थ केव्हा कोठे सरकवावा हे बाईला न सांगता कळे.

भांडे तांब्याचे वा पितळेचे, आतून कल्हई केलेले. कोकम-चिंचेचा आंबटपणा उघड्या तांब्यापितळेला लागून कळकतो, म्हणून कल्हई हवीच. भांड्यावर झाकण म्हणून खोलगट ताट ठेवीत आणि त्या ताटात पाणी ओतीत. हे झाकणावरचे पाणी आपल्या स्वयंपाकाचे मर्म आहे असे आम्हांला वाटते, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतो.

ताटात गार पाणी असले की ताटाचे बूड गार राहते. भांड्यातून वर चढणारी वाफ त्या गार बुडाला लागते, तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा मांसावर पडतात. त्यामुळे मांस आपल्याच रसात शिजते, वरून पाणी घालावे लागत नाही आणि तळ लागत नाही. दुसरे असे की ताटातले पाणी आच किती आहे हे सांगते. त्याला जोराने वाफा येऊ लागल्या की आच फार झाली, भांडे बाजूला घ्यावे. तिसरे असे की रस्सा आटला तर ताटातले तेच गरम पाणी आत ओतता येते. गार पाणी ओतले की शिजणे थांबते व मांस निबर होते, हे प्रत्येक जुन्या सुगरणीला ठाऊक होते. ही रीत केवळ आपलीच होती असे नाही. कोकणात आणि देशावर सर्व जातींच्या घरांत भाज्या व मांस असेच शिजत आले आहे. आपल्या बायकांनी ती शेजारणींकडून घेतली आणि आपल्या मिठाच्या व नारळाच्या रीतीशी तिची सांगड घातली.

आणि कोंबडी कोणती असे? गावठी. दारात दाणे टिपणारी, कुंपणावर उडी मारणारी, दीड-दोन वर्षे अंडी घालून थकलेली कोंबडी किंवा मग कोंबडा. तिच्या छातीवर मांस बेताचेच, मधले हाड वर आलेले. तिला तास-दीड तास शिजविल्याशिवाय दात लागत नसे. हाडासकट तुकडे करावयाचे आणि सगळे एकत्र शिजवावयाचे. छातीचे मांस वेगळे काढून शिजविण्याची कल्पनाच नव्हती. ते तुकडे रश्शात बुडून असत, हाडांचा व तंगड्यांचा चिकट रस त्यांना लपेटून असे, म्हणून त्यांचा थोडा कोरडेपणा कोणाला जाणवत नसे. घरातील कर्त्या माणसाला किंवा पाहुण्याला तंगडी मिळे, छातीचा तुकडा ज्याच्या वाट्याला येई तो रश्शात बुडवून खाई.

शेगडी, प्रायमस आणि पतिलिया

आपले लोक मुंबईस आले, डोंगरी, उमरखाडी, माझगाव, भायखळा, जेकब सर्कल येथील चाळींत राहिले, तेव्हा चूल-वैल मागे राहिली. चाळीच्या खोलीत कोळशाची शेगडी आली आणि तिच्या जोडीला रॉकेलचा स्टोव्ह. हवा भरून पेटविण्याचा प्रायमस स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ साली निघाला आणि पुढे मुंबईच्या घराघरांत त्याचा घरघराट ऐकू येऊ लागला. प्रायमसचा जाळ चुलीसारखा तेज असे, तर निखाऱ्यांची शेगडी वैलासारखी मंद. पुष्कळ बाया फोडणी स्टोव्हवर देऊन भांडे शेगडीवर ठेवीत. दोन आचांची जुनी रीत त्यांनी एका खोलीतही सोडली नाही.

१९४८ नंतर आपली कुटुंबे इस्राएलात येऊ लागली. येथे तेव्हा टंचाईचा काळ होता. एप्रिल १९४९ मध्ये सरकारने ‘त्सेना’ म्हणजे काटकसरीची योजना जाहीर केली. पुरवठा व रेशनिंगचे मंत्री दोव योसेफ होते. ही व्यवस्था हळूहळू सैल होत १९५९ मध्ये पूर्णपणे संपली. त्या दिवसांत मांस दुर्मिळ होते. अंड्याची भुकटी आणि गोठविलेली मासळी यांवर लोक दिवस काढीत. ज्या बाईने भरलेल्या नारळाच्या करंड्या पाहिल्या होत्या तिला येथे नारळ दिसेना, कोथिंबीर सर्वत्र मिळेना, तांदळाला माप लागले. माबरातील पत्र्याच्या आणि कापडाच्या घरांत, पुढे बीरशेबा, दिमोना, येरुहाम, किर्यात गात, रमला, लोद येथील शिक्कूनमध्ये तिने आपला स्वयंपाक पुन्हा मांडला.

येथे तिला दोन चुली भेटल्या. एक ओळखीचा प्रायमस आणि दुसरी पतिलिया. पतिलिया म्हणजे वातीचा रॉकेलचा स्टोव्ह. तिची आच इतकी बारीक की पदार्थ तासन्‌तास खदखदत राहतो. इराकी, कुर्दी, मोरोक्कन बायका तिच्यावर आपापली कालवणे रटरटत ठेवीत. घरी ओव्हन कोणाकडेच नसे. युरोपातून आलेल्या बायकासुद्धा ‘सीर पेले’ नावाच्या मधे भोक असलेल्या भांड्यात स्टोव्हवरच केक भाजीत. आपल्या बायकांना मात्र ओव्हनची उणीव भासण्याचे कारण नव्हते, कारण आपला सारा स्वयंपाक पूर्वीपासून आचेवरचा. प्रायमस ही त्यांची चूल झाली, पतिलिया त्यांचा वैल झाला. झाकणावर पाणी ठेवून त्यांनी येथेही कोंबडी शिजविली, जेव्हा जेव्हा ती मिळाली तेव्हा.

आपल्या समाजाला येथे मानाने जगण्यासाठीही झगडावे लागले. विवाहाच्या बाबतीत १९६२ पासून जो प्रश्न उभा राहिला, त्यावर येरुशलेमात आपल्या लोकांनी सत्याग्रह केला आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने आपल्या बाजूने ठराव केला. त्या वादात वंशावळीबद्दल, विवाहाबद्दल आणि काडीमोडीबद्दल पुष्कळ बोलले गेले. चुलीपाशी पिढ्यान्‌पिढ्या लावलेल्या मिठाबद्दल आणि टाळलेल्या दुधाबद्दलही तितकेच बोलले जावयास हवे होते, असे आम्हांला आजही वाटते.

कोंबडी बदलली

त्सेना संपली आणि कोंबडी स्वस्त होत गेली. मोशावांतून कुक्कुटपालन वाढले. गोमांस महाग, वासराचे मांस त्याहून महाग, म्हणून मध्य युरोपातील यहुद्यांनी वासराचा श्निट्सेल येथे कोंबडीच्या व टर्कीच्या छातीच्या मांसाचा केला. मांस ठोकून पातळ करावयाचे, अंड्यात बुडवून पावाच्या चुऱ्यात, पेसाहात मात्सेच्या पिठात, घोळवावयाचे आणि तेलात तळावयाचे. लोण्याचा संबंध नाही, म्हणून तो कोशेर घरांत बसला. बालवाडीपासून सैन्याच्या भोजनालयापर्यंत तो सर्वांचा झाला. छातीचे मांस वेगळे घेऊन शिजविणे आपल्या घरांत शिरले ते या वाटेने.

तिकडे पक्षीही बदलत होता. अमेरिकेत १९४८ साली ‘उद्याची कोंबडी’ या नावाची मोठी स्पर्धा झाली. भरदार छातीची आणि लवकर वाढणारी कोंबडी तयार करणे हा तिचा हेतू. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी १९५७, १९७८ व २००५ सालच्या जाती एकाच खाद्यावर वाढवून त्यांची तुलना केली. छप्पन दिवसांनी १९५७ ची कोंबडी सरासरी ९०५ ग्रॅम, १९७८ ची १,८०८ ग्रॅम आणि २००५ ची ४,२०२ ग्रॅम भरली. छातीच्या मांसाचा वाटाही फार वाढला. भारतातही हेच घडले. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वर हॅचरीज काढली, पुणे हे या धंद्याचे मोठे केंद्र झाले आणि मुंबई-ठाण्यात मागे राहिलेल्या आपल्या बांधवांच्या ताटातही गावठीच्या जागी ब्रॉयलर आली.

थोडक्यात, आजीने जी कोंबडी शिजविली ती वयाने मोठी, सडपातळ व चिवट होती. आपण जी शिजवितो ती काही आठवड्यांची, जाड छातीची व कोवळी असते. आजीने तासभर शिजविली म्हणून आपणही तासभर शिजविली तर बिघडणारच.

कोरडेपणाचे कारण

छातीच्या मांसात चरबी फार थोडी आणि स्नायूंना बांधणारे चिकट धागेही थोडे. तंगडीत हे धागे पुष्कळ असतात, ते सावकाश शिजताना विरघळतात आणि मांस मऊ व रसाळ लागते. म्हणून तंगडी जास्त शिजली तरी चालते. येथे ‘पार्गियोत’ नावाने मिळणारे मांडीचे बिनहाडाचे मांस विसराळू माणसालाही साधते, याचे कारण हेच. छातीला हे संरक्षण नाही. तिची प्रथिने पन्नास अंश सेल्सिअसच्या पुढे आकसू लागतात आणि सत्तरच्या आसपास इतकी आवळतात की आतले पाणी पिळून बाहेर येते. दुसरीकडे, कोंबडी आतपर्यंत पुरती शिजली पाहिजे, नाहीतर पोट बिघडण्याचा धोका. त्यासाठी मधल्या भागाचे तापमान ७४ अंश झाले की पुरे, असे सांगितले जाते. म्हणजे ७४ ला थांबावयाचे, ९० पर्यंत जावयाचे नाही. सारे कौशल्य या थांबण्यात आहे.

आता जुनी रीत नव्या कोंबडीला कशी लावावी ते सांगतो.

छातीचे चार तुकडे, सुमारे सहाशे ते सातशे ग्रॅम, घ्यावेत. त्यांची एक बाजू जाड व एक पातळ असते. जाड बाजू आडवी चिरून उघडावी किंवा हलक्या हाताने ठोकून सर्वत्र सुमारे दोन सेंटिमीटर जाडी करावी, म्हणजे एक टोक सुकेपर्यंत दुसरे कच्चे राहणार नाही. दुकानातली पाकिटबंद कोशेर कोंबडी आज मीठ लावून व धुऊनच येते, म्हणून पुन्हा मीठ घालताना हात आखडता ठेवावा. फडक्याने टिपून कोरडी करावी. आले, लसूण, मिरची, कोथिंबीर व जिरे वाटून लावावे आणि अर्धा तास ठेवावे. लिंबू शेवटी पिळावे. आंबटात फार वेळ राहिले की वरचा थर पिठूळ होतो.

जाड बुडाची कढई किंवा तवा चांगला तापू द्यावा, दोन चमचे तेल घालावे आणि तुकडे एकमेकांना न चिकटतील असे ठेवावेत. ही झाली चूल. तीन-चार मिनिटे हलवू नयेत. खालची बाजू तांबूस झाली की उलटावेत, आणखी दोन मिनिटे ठेवावेत. आता गॅस अगदी बारीक करावा. हा झाला वैल. अर्धी वाटी नारळाचे दूध कडेने सोडावे आणि खोलगट ताट झाकून त्यात गार पाणी ओतावे. चार-पाच मिनिटांत शिजते. ताटातल्या पाण्याला जोराने वाफा येऊ देऊ नयेत. नंतर गॅस बंद करावा आणि झाकण न काढता पाच मिनिटे थांबावे. या पाच मिनिटांत उरलेली धग मध्यापर्यंत पोचते आणि मांस आपला रस थोडा पुन्हा धरते. सर्वांत जाड तुकडा मधोमध कापून पाहावा. आत गुलाबी राहिले असेल तर झाकून दोन मिनिटे आणखी ठेवावा. स्वयंपाकाचे थर्मामीटर असल्यास उत्तमच.

शब्बाथबद्दल एक सूचना. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावण्यापूर्वी पलाटावर ठेवावयाच्या भांड्यात छातीचे मांस घालू नये. रात्रभर नव्हे, तीन तासांतही ते सुकते. तेथे हाडासकट तंगड्यांचा रस्साच शोभतो, आणि आजीनेही तोच ठेवला असता. छातीचे तुकडे शुक्रवारच्या रात्री ताजे वाढावेत किंवा दुसऱ्या दिवशी गार, पातळ कापून, लिंबू व कांद्याबरोबर खावेत.

शेवटी

हायेम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला, पण तो छापून निघावयास १९३७ साल उजाडले, तेही तेल अवीवमध्ये. चाळीस वर्षे ते हस्तलिखित राहिले. ते हरवले असते तर आपल्या सणांची, रोजांची आणि चालीरीतींची केवढी माहिती नाहीशी झाली असती, याची कल्पनाच करवत नाही. स्वयंपाकाचे तर हस्तलिखितसुद्धा नाही. ते आहे आपल्या आयांच्या, मावश्यांच्या आणि आत्यांच्या हातात, आणि ज्यांनी चूल व वैल दोन्ही वापरली त्या बाया आता थोड्याच उरल्या आहेत. त्यांना प्रमाण विचारले तर त्या ‘अंदाजाने’ म्हणतात. म्हणून नुसते विचारून भागत नाही. त्यांच्याशेजारी उभे राहून त्या केव्हा आच कमी करतात, झाकणावर पाणी केव्हा ओततात, केव्हा बोट लावून पाहतात, हे पाहून लिहून घ्यावे लागते.

ज्या घरांतील मुले मराठी बोलतात पण वाचत नाहीत, तेथे हिब्रूत लिहा. ज्या घरांत मराठी उरलीच नाही तेथेही ‘वैल’ हा शब्द तेवढा मराठीच ठेवा आणि त्याचा अर्थ मुलांना समजावून सांगा. आपल्या पूर्वजांनी हिब्रू गमावली, पण मासा निवडण्याची आणि मांसाला मीठ लावण्याची रीत गमावली नाही, आणि त्या रीतीनेच त्यांना त्यांचे लोक परत मिळाले. आपल्याला हिब्रू पुन्हा मिळाली आहे. ती मिळविताना चुलीपाशी जे टिकले होते ते हातचे जाऊ नये, एवढीच आमची वाचक बंधुभगिनींना विनंती आहे. येत्या शुक्रवारी घरातील वडीलधाऱ्या बाईला स्वयंपाकघरात बोलवावे, तिला खुर्ची द्यावी, मुलांना तिच्याजवळ उभे करावे आणि झाकणावर पाणी तिच्याच हातून ओतवून घ्यावे.

शालोम.